वाघापेक्षा चिमणीला मोठी लेन्स!

मित्रांनो, मागच्या हिवाळ्यात एका रात्री माझ्या भाच्याचा फोन आला. पांढरकवड्याजवळच्या एका खेड्यात तो राहतो, नववीत शिकतो. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट मुद्द्यावरच आला.

"मामा, मले कॅमेरा घ्याचा हाये. कोनता घेऊ?"

"कशासाठी रे?"

"वाघाचा फोटो काढ्याले. टिपेश्वर आमच्या घरापासून किती जवळ हाये, तुले त माहीतच हाये. सारे म्हन्तेत, सहाशेची लेन्स पाह्यजे. बाबानं कापूस इकला, त त्यातले थोडे पैशे देतो म्हन्ले."

आता हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी सावरून बसलो. यवतमाळ जिल्ह्यात कापसाचे पैसे म्हणजे काय, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. वर्षभराची मेहनत असते ती. त्यातून बी-बियाणं, खत, शाळेची फी, घराची डागडुजी, आजीचं औषध, सगळं भागवायचं असतं. भाऊजींनी त्यातून कॅमेऱ्यासाठी पैसे बाजूला काढले होते. ते एकदाच मिळणार होते. चुकीची वस्तू घेतली, तर पुढची काही वर्षं तीच गळ्यात!

म्हणून मी त्याला म्हणालो, "दुकानात जाऊ नकोस. आधी घरातला टेप शोध."

"कॅसेटचा?"

"नाही रे, मोजायचा टेप!"

आधी टेप, मग कॅमेरा

कॅमेरा घेताना बहुतेक जण उलट्या बाजूने सुरुवात करतात. जाहिरात पाहतात, मेगापिक्सेल मोजतात, मित्राकडे कोणती कंपनी आहे ते विचारतात. खरा पहिला प्रश्न मात्र वेगळाच आहे. मला कशाचा फोटो काढायचा आहे? ती गोष्ट किती मोठी आहे? आणि माझ्यापासून किती लांब असेल?

ही तीन उत्तरं मिळाली की लेन्स कोणती, हे चक्क गणिताने काढता येतं. दहावीच्या भूमितीत 'समरूपता' नावाचा पाठ आहे ना? तोच इथे उपयोगी पडतो. कॅमेऱ्याच्या आत प्रकाश टिपणारी एक पट्टी असते, तिला सेन्सर म्हणतात. सेन्सर आणि लेन्स यांचा एक छोटा त्रिकोण होतो. लेन्स आणि समोरचं दृश्य यांचा एक मोठा त्रिकोण होतो. दोन्ही समरूप! त्यावरून हे सूत्र मिळतं:

चित्रात मावणारी रुंदी = सेन्सरची रुंदी × अंतर ÷ लेन्सचं नाभीय अंतर

नाभीय अंतर हा शब्द तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचला असेल. लेन्सवर ५० मिमी, ३०० मिमी असं जे लिहिलेलं असतं, ते हेच. हा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं.

चला, वाघाचं गणित करू. पूर्ण वाढलेला वाघ शेपूट सोडून साधारण २ मीटर लांब धरू. तो चित्राची अर्धी रुंदी व्यापेल असा फोटो हवा, म्हणजे चित्रात ४ मीटर रुंदी मावायला हवी. व्याघ्र प्रकल्पांसाठी केंद्र सरकारने केलेल्या पर्यटनाच्या सूचनांत गाडीने प्राण्यापासून निदान २० मीटर अंतर राखावं असं सांगितलं आहे. तेव्हा अंतर २० मीटर धरू. विद्यार्थ्यांना परवडणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांत एपीएस-सी नावाचा सेन्सर असतो. त्याची रुंदी साधारण २४ मिमी. सगळं मिलिमीटरमध्ये मांडा: २४ × २०,००० ÷ ४,००० = १२०.

म्हणजे १२० मिमीची लेन्स पुरे! कुठे ती सहाशे आणि कुठे ही एकशेवीस!

आता चिमणी घ्या. चिमणी साधारण १५ सेंटिमीटर लांब. तीही अर्धी रुंदी व्यापायला हवी, म्हणजे चित्रात ३० सेंटिमीटर मावले पाहिजेत. चिमणी तुम्हाला ५ मीटरपर्यंत जवळ येऊ देते असं समजू. २४ × ५,००० ÷ ३०० = ४००.

पाहा गंमत! अंगणातल्या चिमणीला ४०० मिमीची लेन्स लागते आणि रस्ता ओलांडणाऱ्या वाघाला १२० मिमीची. मी हे भाच्याला फोनवर सांगितलं, तेव्हा तो थोडा वेळ गप्पच झाला. मग म्हणाला, "मंग लोकं सहाशेची लेन्स कायले नेतेत?"

प्रश्न बरोबर होता. वाघ दर वेळी २० मीटरवर येत नाही. तो शंभर मीटरवर सागाच्या सावलीत बसला असेल, तर आपल्या गणिताने ६०० मिमीचीच लेन्स लागेल. जे लोक यावरच पोट भरतात, त्यांना ती संधी सोडून चालत नाही. पण ६०० मिमीची मोठ्या तोंडाची लेन्स नवी घ्यायची तर दहा लाखांच्या वर जाते आणि वजन तीन किलोच्या आसपास. आपण काय करायचं? वाघ शंभर मीटरवर असेल, तर चित्रात वाघ लहान आणि जंगल मोठं येऊ द्यायचं. वाघ कुठे राहतो, हेही त्या फोटोत दिसतं!

शिवाय मे महिन्यात यवतमाळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा डांबरी रस्त्यावरची हवा कशी थरथरते, पाहिलंय ना? जमिनीलगतची तापलेली हवा प्रकाशकिरणांना वाकवते. दुपारी शंभर मीटरवरचा फोटो काढला, तर दहा लाखांच्या लेन्समधूनही तो धूसरच येतो. तिथे पैसा कामाचा नाही, पहाटे उठणं कामाचं!

पहाटेची फजिती

आता पहाटेचा विषय निघालाच आहे, तर माझी फजिती सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी पहिला डिजिटल कॅमेरा घेतला. दुकानदाराने मेगापिक्सेल मोजून दाखवले, सोबत दोन लेन्स दिल्या, वर एक बॅग फुकट. मी खूश! थंडीच्या दिवसांत भल्या पहाटे टिपेश्वरला गेलो. सुन्ना गेटमधून गाडी आत शिरली. सूर्य अजून झाडांच्या वर आला नव्हता. एका वळणावर गाडी थांबली आणि समोरून एक वाघीण शांतपणे रस्ता ओलांडून गेली. मी धडाधड बटण दाबलं. अठरा फोटो!

घरी येऊन पाहतो तर काय, अठराच्या अठरा फोटोंत वाघिणीच्या जागी नुसता पिवळा फराटा! तिचे पट्टे मोजायचे सोडा, ती वाघीण आहे हेही सांगावं लागत होतं.

काय चुकलं होतं? सांगतो. फोटो काढणं म्हणजे बादली भरणं. पाण्याऐवजी प्रकाश, एवढाच फरक. तोटी मोठी असेल तर बादली चटकन भरते, बारीक असेल तर वेळ लागतो. लेन्सच्या आत अशीच एक कमीजास्त होणारी तोटी असते. तिला अॅपर्चर म्हणतात. ती एफ/१.८, एफ/२.८, एफ/५.६ अशा आकड्यांनी मोजतात. गंमत म्हणजे आकडा लहान, तर तोटी मोठी! कारण नाभीय अंतराला त्या छिद्राच्या व्यासाने भागून हा आकडा येतो. एफ/२.८ मधून एफ/५.६ च्या चौपट प्रकाश आत येतो.

माझ्या लेन्सची तोटी एफ/५.६ ची होती. पहाटेच्या उजेडात बादली भरायला कॅमेऱ्याने सेकंदाचा तिसावा भाग घेतला. एवढ्या वेळात वाघीण पुढे सरकली. चालता प्राणी स्वच्छ यायला निदान सेकंदाचा अडीचशेवा भाग हवा, पाचशेवा मिळाला तर उत्तम. उडत्या पक्ष्याला तर हजारावा किंवा त्याहूनही कमी.

"पण मामा, माह्या मित्राच्या लेन्समधी हलनं थांबवाचं यंत्र हाये," भाचा म्हणाला. असतं खरं. ते तुमच्या हाताचा कंप थांबवतं. पण वाघाचं चालणं थोडंच थांबवणार?

यावर दोन उपाय आहेत. एक, मोठ्या तोटीची लेन्स. ती महाग आणि जड. दुसरा, आयएसओ नावाचा आकडा वाढवणं. आयएसओ ४०० चा १६०० केला, की चौथ्या हिश्श्याच्या प्रकाशात काम भागतं. चित्रात थोडे दाणे दिसतात, इतकंच. माझ्या त्या कॅमेऱ्यात १६०० म्हणजे निव्वळ रवा! अलीकडच्या कॅमेऱ्यांत ३२०० सुद्धा खपून जातं. दाणेदार पण स्पष्ट फोटो, गुळगुळीत पण हललेल्या फोटोपेक्षा केव्हाही बरा. हे मला तेव्हा कळलं असतं, तर ती वाघीण आज माझ्या भिंतीवर असती!

आता बॉडीकडे वळू

लेन्स ठरली की कॅमेऱ्याची बॉडी निवडणं सोपं. यात तीन गोष्टी पाहायच्या.

पहिली, सेन्सर. मोठा फुल-फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद असतो. कमी उजेडात तो चांगला. पण मघाचं चिमणीचं गणित ३६ घेऊन करा. उत्तर येतं ६००! म्हणजे महाग बॉडी घेतली, की लेन्सही लांब आणि महाग लागणार. पक्षी-प्राणी टिपणाऱ्या विद्यार्थ्याला लहान एपीएस-सी सेन्सरच सोयीचा. लेन्स न बदलता येणारे, खूप लांबचं ओढून आणणारे ब्रिज कॅमेरेही मिळतात. भर उन्हात ते छान चालतात. पण त्यांतल्या बहुतेकांचा सेन्सर करंगळीच्या नखापेक्षाही लहान असतो, त्यामुळे पहाटे त्यांची दमछाक होते.

दुसरी, मेगापिक्सेल. यांचा बाऊ करू नका. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० × ४००० ठिपके. वहीच्या मोठ्या पानाएवढा, ए-४ आकाराचा उत्तम छापील फोटो काढायला सुमारे ९ मेगापिक्सेल पुरतात. जगातला पहिला डिजिटल कॅमेरा कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली बनवला. त्यात अवघे १०० × १०० ठिपके होते. वजन साडेतीन किलोच्या वर आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद! तिथून आपण कुठे आलो, पाहा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्याकडेच दुर्लक्ष होतं. ती म्हणजे माउंट, लेन्स जिथे अडकवतात ती खाच. एका कंपनीची लेन्स सहसा दुसऱ्या कंपनीच्या बॉडीवर बसत नाही. बॉडी पाच-सात वर्षांत जुनी होते, पण चांगली लेन्स पंधरा-वीस वर्षं साथ देते. म्हणून बॉडी घेताना तुम्ही खरं तर लेन्सचं घराणं निवडत असता.

हल्ली नवी मॉडेलं बहुतेक आरसा नसलेली, म्हणजे मिररलेस येतात. त्यामुळे आरशाचे जुने डीएसएलआर लोक विकायला काढतात. आपल्यासाठी ही पर्वणीच!

आईबाबांनो, एवढं तुमच्यासाठी

मुलाला पहिला कॅमेरा वापरलेला घेऊन दिला, तर त्यात काही कमीपणा नाही. फक्त पारखून घ्या.

लेन्समधून मोबाईलच्या बॅटरीचा उजेड पाडून पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या, तर ती बुरशी. पावसाळ्यात कपाटात बंद राहिलेल्या लेन्सला ती हमखास धरते. अशी लेन्स स्वस्तात मिळाली तरी नको. कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढलेत, म्हणजे शटर काउंट किती, ते विचारा. जुनं बिल मागा आणि त्यावरचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी ताडून पाहा.

आणखी एक खाचखळगा. निकॉनच्या डी३५००, डी५६०० अशा लहान बॉडींत फोकसची मोटर नसते. जुनी एएफ-डी लेन्स त्यांवर बसते, फोटोही निघतो, पण फोकस हातानेच फिरवावा लागतो. तिथे एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेली लेन्स पाहून घ्या. घेण्याआधी लेन्स बॉडीवर लावून दहा फोटो काढून पाहणं हाच खरा उपाय.

पैसे वाटून खर्च करा. सगळी रक्कम बॉडीवर घालू नका. मेमरी कार्ड, जादा बॅटरी, हवाबंद डबा आणि त्यात ठेवायला सिलिका जेलच्या पुड्या, यांनाही पैसे लागतात. पुडी ओली झाली की पावसाळ्यात ती बदला किंवा सुकवा.

आणि हो, आपल्या जिल्ह्यात घरोघरी कापूस असतो म्हणून लेन्स कापसाने पुसू नका! टिपेश्वरच्या रस्त्यांवरची बारीक धूळ लेन्सवर बसलेली असते. ती घासली की काचेवर ओरखडे पडतात. आधी रबरी फुग्याने हवा मारून धूळ उडवा, मग मऊ मायक्रोफायबरच्या फडक्याने अलगद टिपा. चालत्या गाडीत लेन्स बदलणं तर मुळीच नको.

फाळक्यांचा वाटाणा

घरातले पैसे कॅमेऱ्यात घालायचे की नाही, हा पेच आपल्या आधी एका मोठ्या माणसालाही पडला होता. दादासाहेब फाळके! चित्रपट काढायच्या ध्यासाने ते १९१२ साली लंडनला गेले. त्यासाठी त्यांनी आपल्या विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवल्या होत्या. तिथे त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला आणि परत आले.

आता कॅमेरा आला, पण चित्रपटाला पैसे कोण देणार? लोकांची खात्री कशी पटवायची? फाळक्यांनी काय केलं माहीत आहे? कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा समोर ठेवला. महिन्याहून अधिक काळ ते त्या रोपाचं चित्रण करत राहिले. अंकुर फुटतो, रोप वाढतं, वेल होतो, आणि हे सगळं पडद्यावर मिनिटभरात! त्या लघुपटाचं नाव 'अंकुराची वाढ'. पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, 'राजा हरिश्चंद्र' आला.

घरात असलेल्या गोष्टीपासून सुरुवात केली, म्हणून फाळके काही लहान झाले नाहीत. मग आपणच का थेट वाघापासून सुरुवात करायची?

वॉकरचा फोटो कोणी काढला?

तरीही वाघ तो वाघच, त्याची ओढ सुटत नाही. म्हणून टिपेश्वरच्याच एका वाघाची गोष्ट सांगतो.

टिपेश्वर अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं. तिथे जन्मलेल्या एका तरुण वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली. त्याचं सरकारी नाव टी१-सी१. त्या वर्षीच्या जूनमध्ये तो स्वतःचा मुलूख शोधायला निघाला. यवतमाळ, तेलंगणातलं आदिलाबाद, नांदेड, हिंगोली असा शेतांतून, नाल्यांतून, रस्ते ओलांडत चालत राहिला. डिसेंबरच्या सुरुवातीला तो बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पाच महिन्यांत १,३०० किलोमीटरहून अधिक! लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'वॉकर'.

एवढ्या वाटेवर शेकडो गावं होती. तो दिवसा लपून राही, रात्री चाले. माणसांशी त्याचा खटका उडाला तो एकदाच. तो झुडपात विसावला होता आणि माणसांचा एक गट आत शिरला, तेव्हा एक जण जखमी झाला. वाघाने माणसांना टाळलं होतं, माणसांना मात्र ते जमलं नाही.

पुढे ज्ञानगंगेत त्याची छायाचित्रं मिळाली ती कॅमेरा ट्रॅपमध्ये. हा झाडाला पट्ट्याने बांधलेला एक छोटा डबा असतो. समोरून उबदार शरीर सरकलं की फोटो आपोआप निघतो. त्याला लांब लेन्स नाही, दहा लाखांची किंमत नाही. पण वाघ नेमका कुठून जाणार, हे पाऊलखुणा वाचून ओळखलेलं असतं. वाटेच्या दोन्ही बाजूंना असे दोन डबे बांधतात. का? कारण प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, आणि त्याच्या डाव्या-उजव्या कुशीवरचेही वेगळे! दोन्ही फोटो मिळाले, तरच वाघाची नीट ओळख पटते.

तर मित्रांनो, लांब लेन्सचा खरा उपयोग तुम्हाला कळला का? आपण आपल्या जागी राहावं आणि प्राण्याने त्याच्या जागी, यासाठी ती असते. हातात लेन्स लहान असेल, तर पाय पुढे टाकायचा नाही. फोटो लहान आला तरी चालेल.

मग भाच्याने काय घेतलं?

त्याने आधी पंधरा दिवस टेप घेऊन मोजमाप केलं. घरामागच्या विहिरीवर बाभळीला सुगरणीचे खोपे लटकलेले आहेत. विहिरीच्या काठापासून ते ६ मीटरवर भरले. सुगरण पक्षी चिमणीएवढाच. त्याने गणित केलं आणि मला फोनवर उत्तर सांगितलं, "मामा, तीनशेच्या लेन्समधी चित्राचा तिसरा हिस्सा सुगरन येते. मले तेवढं बस झालं."

त्यांनी वापरलेली डीएसएलआर बॉडी घेतली आणि ७०-३०० मिमीची लेन्स. घरातल्या मंद उजेडासाठी ५० मिमीची एफ/१.८ लेन्स पुढच्या वर्षी घ्यायची ठरली आहे. आकाराने छोटीशी, किमतीत बेताची आणि तोटी मात्र मोठी! भाऊजींनी बाजूला काढलेल्या पैशांतले काही उरले, ते बियाण्याच्या डब्यात परत गेले.

यंदा पावसाळ्यात त्याने मला एक फोटो पाठवला. सुगरणीचा नर चोचीत गवताचं पातं धरून अर्ध्या विणलेल्या खोप्याला उलटा लटकलेला. पातं न पातं स्पष्ट! खाली लिहिलं होतं, "सेकंदाचा हजारावा भाग. वाघ मंग पाहू."

आता तुमची पाळी. कॅमेरा नसला तरी हरकत नाही, टेप तर आहे ना? अंगणात बसा. तुम्हाला जे टिपायचं आहे, ते किती मोठं आणि किती लांब, ते मोजा. २४ ने गुणा, भागा, आणि तुमची लेन्स काढा. उत्तर घरच्यांना दाखवा. दुकानात जाताना तोच कागद खिशात असू द्या.